परभणी ते जर्मनी : तारण कुणाच्या नावावर?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य आपल्याकडे शेंबडं पोरही म्हणतं. पुण्या-मुंबईच्या लग्नात कुणी ‘तुम्ही कुठल्या?’ असं विचारलं आणि आपण परभणी म्हटलं, की समोरची बाई हमखास हे वाक्य टाकते आणि हसते. आपणही हसतो. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर नीट कळलेलं नाही. पण गेल्या काही वर्षांत या गमतीत एक वेगळीच भर पडलीय. आपल्याकडच्या मुली खरोखरच जर्मनीला निघाल्यात. फिरायला नाही, लग्न करून नवऱ्यामागे नाही. स्वतःच्या नावाचं प्रवेशपत्र घेऊन, इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घ्यायला.

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशातून तिथं आलेल्यांत हाच गट सगळ्यात मोठा. आधी चिनी विद्यार्थी पुढे असायचे, आता आपण. त्याची कारणंही उघड आहेत. कॅनडानं २०२४ च्या जानेवारीत विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेनं २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या, आणि सप्टेंबरमध्ये नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. मग ज्यांची झेप आधीच बेताची, त्यांनी नकाशावर दुसरीकडे बोट ठेवलं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, ही बातमी तर आपल्याकडे एसटी स्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत पोचलीय. ‘फुकट शिकवतेत म्हणं तिथं!’

हे लिहिताना मी तटस्थ नाही, तेही आधीच सांगून टाकते. माझ्या मावसबहिणीची मुलगी ऑक्टोबर २०२४ पासून ड्रेस्डेनच्या टेक्निकल विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्सचं मास्टर्स करतेय. बहिणीचं गाव सेलू तालुक्यात. सहा एकर कोरडवाहू जमीन, दोन मुली. मोठी नांदेडहून बी.टेक. झाली. आणि तिच्या कर्जाला तारण म्हणून परभणीतला, माझ्या नावावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक गहाण आहे. त्यामुळे ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ मी जरा जवळून शिकलेय.

आधी ही विद्यापीठं कसली, ते बघू. आपल्याकडे ‘टेक्निकल’ म्हटलं की आयटीआय डोळ्यांपुढे येतं. तिथं तसं नाही. जर्मनीच्या टेक्निकल विद्यापीठांना दीड-दोनशे वर्षांची परंपरा आहे. ड्रेस्डेनचं मूळ १८२८ सालच्या तंत्रशाळेत आहे. म्युनिकचं १८६८ चं, आखेनचं १८७० चं. डार्मस्टाटला १८८२ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचं प्राध्यापकपद निर्माण झालं, ते जगातलं पहिलं मानतात. आणि फ्रायबर्ग नावाचं एक गाव आहे, तिथली खाणविद्येची शाळा १७६५ सालची. म्हणजे आपल्याकडे पानिपत होऊन चार वर्षं झाली होती, तेव्हा तिथं खाणीतून चांदी शास्त्रशुद्ध कशी काढायची याचे वर्ग भरायला लागले. इंडियम आणि जर्मेनियम ही दोन मूलद्रव्यं तिथंच सापडली, १८६३ आणि १८८६ मध्ये. आणि या फ्रायबर्गची लोकसंख्या? चाळीस हजारांच्या आसपास. आपलं गंगाखेडसुद्धा त्याहून मोठं भरेल. मोठं विद्यापीठ मोठ्या शहरातच असावं लागतं, हा आपला समज तिथं गळून पडतो.

पण या जुन्या भिंतींना एक दुसरी बाजूही आहे. मुलींना तिथं फार उशिरा आत घेतलं. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठात मुलींना रीतसर प्रवेश १९०५ मध्ये मिळाला, तर बर्लिन, आखेनसारख्या प्रशियातल्या विद्यापीठांत १९०९ मध्ये. आपल्याकडेही काही वेगळं नव्हतं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं, पण भारतात मुली इंजिनिअर व्हायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. मद्रासच्या गिंडी कॉलेजात ए. ललिता नावाची तरुण विधवा, कडेवर लहान मुलगी असताना, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकली. पदवीचं प्रमाणपत्र छापील होतं आणि त्यावर मुलगाच गृहीत धरलेला. मग ‘तो’ खोडून हातानं ‘ती’ लिहावं लागलं. मला ही गोष्ट कळली तेव्हा आधी हसू आलं, आणि मग बँकेतला अर्ज आठवला. त्यात ‘अर्जदाराच्या वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना होता. आईचा नव्हता.

आता पैशांचं बोलू.

जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर वर्षभराच्या राहण्या-खाण्याची रक्कम आधी एका बंद खात्यात भरून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. मुलगी तिथं पोचली की त्यातून तिला दरमहा ९९२ युरो मिळतात, एकदम नाही. आमच्या वेळच्या भावानं ते अकरा लाख रुपयांच्या आसपास झाले. आता युरो वधारलाय, त्यामुळे जास्तच धरा. त्याआधी कागदपत्रांच्या तपासणीचं एपीएस प्रमाणपत्र, ते भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. त्याचे १८ हजार. इंग्रजीची परीक्षा, तिचे जवळपास तेवढेच. विमानाचं तिकीट, थंडीचे कपडे, विमा. विद्यापीठाची म्हणाल तर सहामाहीला सुमारे तीनशे युरो वर्गणी, बस-ट्रामचा पास धरून. तेवढंच काय ते ‘फुकट’!

बहिणीच्या घरात हा अकरा लाखांचा आकडा मी सोयाबीनमध्ये मांडून दाखवला होता. २०२४-२५ चा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे सव्वादोनशे क्विंटल सोयाबीन. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर अठ्ठावीस एकरांचं पीक. सहा एकरवाल्याला पावणेपाच वर्षं लागतील, आणि तेही बियाणं, खत, फवारणी, मजुरी यांचा एक रुपया वजा न करता, आणि भाव खरोखर हमीइतका मिळाला तर. त्या वर्षी मोंढ्यात काय भाव मिळाला, ते सोयाबीन विकलेल्या घरांना मी सांगायला नको.

मेहुणे थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग जमीनच टाकू की गहाण.”

इथं खरी मेख आहे, आणि ती मला वाटतं गावाकडच्या प्रत्येक आईला ठाऊक हवी. शिक्षणकर्जाला शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेतच नाहीत. कारण कर्ज बुडालं तर बँकेला कोर्टात न जाता मालमत्ता जप्त करता येते, तो सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. कायदा शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून तसा केलाय आणि ते चांगलंच आहे. पण त्याचा उलटा परिणाम असा, की सहा एकराचा मालक बँकेच्या टेबलावर कफल्लक ठरतो आणि शहरात एका गुंठ्याचा बिगरशेती प्लॉट असलेला माणूस पत असलेला ठरतो. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्जाची सोय आहे. त्याच्या वर गेलात की तारण लागतं. आम्हाला पंधरा लाख हवे होते.

“अक्का, सहा एकर काय कामाची मग?” बहिणीनं मला विचारलं. “घर तरी चालंल की.”

घरही चाललं नाही. गावठाणातलं घर. त्याला कागद काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, असं बँकेनं सांगितलं. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणाची ड्रोननं मोजणी करून घरांना मिळकतपत्रिका देण्याचं काम सुरू आहे. ज्या गावांत ती मिळाली तिथं या अडचणीतून वाट निघू शकते. बहिणीच्या घराची तोवर निघालेली नव्हती.

मग राहिलं माहेर. बहिणीच्या माहेरी, म्हणजे माझ्या मावशीकडे, परभणीच्या हद्दीत दोन प्लॉट आहेत. मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा, हा कायदा महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केला आणि देशानं २००५ मध्ये. कायद्यानं माझी बहीण त्यात मालकीण होती. होती, म्हणायचं कारण, काही वर्षांपूर्वी राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात भावांनी तिला रजिस्ट्री ऑफिसात नेलं, तिनं हक्कसोडपत्रावर सही केली आणि पैठणी घेऊन परत आली. आपल्यापैकी किती जणींनी केलीय ही सही? मनात हात वर करा. ‘भावाशी वाकडं नको’, ‘माहेर तुटायला नको’, हे सगळं मला समजतं. बहीण तरी दुसरं काय म्हणाली होती? पण त्या एका सहीची किंमत त्या दिवशी कुणी काढली नव्हती. ती निघाली मुलीला प्रवेश मिळाल्यावर, बँकेच्या टेबलावर.

मराठवाड्यात हा विषय नवा नाही. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली होती, शेतकऱ्यानं आपल्या हातानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. कित्येक गावांत ते झालं. माझ्या सासऱ्यांनी त्या वातावरणातच, बरीच कुरकुर करत का होईना, सासूबाईंच्या नावानं परभणीत एक ब्लॉक घेतला आणि सासूबाईंनी पुढे तो माझ्या नावावर केला. तोच आज बँकेत आहे. म्हणजे ही मुलगी ड्रेस्डेनला गेली ती माझ्या उदारपणामुळे नव्हे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एका बाईच्या नावावर दोन खोल्या चढल्या होत्या, म्हणून. (आमच्या घरात यावर काय काय चर्चा झाल्या, ते इथं लिहीत नाही. यजमान हे पान वाचतात.)

पंधरा लाखांचं कर्ज, दहा टक्क्यांच्या आसपास व्याज. मुलींना बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का सवलत देतात, ती मागून घ्यायची. कुणी आपणहून सांगेलच असं नाही. शिक्षण आणि वर एक वर्ष, एवढा काळ हप्ता नाही. पण व्याज चढतच असतं, पूर्ण रक्कम उचलल्यावर महिन्याला साडेबारा हजार. ते भरत गेलात तर पुढे पंधरा वर्षं सोळा हजारांच्या वर हप्ता. न भरलंत तर त्याहून जास्त. मुलगी तिथं नोकरीला लागली तर दोन-तीन वर्षांत हे फिटतं. नाही लागली तर? हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारत नाही.

शिष्यवृत्ती नाही का, असं तुम्ही म्हणाल. आहेत. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं, त्यातून काय उभं राहिलं ते आपण जाणतोच. आज राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. इतर मागासवर्ग, आदिवासी, मराठा-कुणबी यांच्यासाठीही वेगवेगळ्या विभागांच्या आणि संस्थांच्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची, त्यात ३० टक्के मुलींसाठी. २०२५ च्या जुलैमध्ये त्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी फक्त ४० जणांना पत्रं गेली आणि बाकीच्यांना ‘निधी आला तर’ म्हणून थांबवलं, तेव्हा देशभर ओरड झाली. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना कर्जाच्या व्याजात सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना तर केंद्रानं २०२२-२३ पासून बंदच केली. परभणीसारख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो, ते उर्दू शाळेतल्या शिक्षिकांना विचारा.

माझा आक्षेप मात्र आणखी एका गोष्टीला आहे. या योजनांना जागतिक क्रमवारीची अट असते. शाहू महाराज योजनेत पहिल्या २०० विद्यापीठांची, केंद्राच्या योजनेत पहिल्या ५०० ची. ऐकायला योग्य वाटतं. पण जर्मनीची जुनी, कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत नाव असलेली कितीतरी टेक्निकल विद्यापीठं पहिल्या दोनशेत बसत नाहीत. फ्रायबर्ग तर पाचशेतही नाही. मग सरकारी पैसा जातो कुठं? प्रामुख्यानं इंग्लंड-अमेरिकेच्या महागड्या फी भरण्यात. लंडनच्या एका विद्यार्थ्याच्या फीच्या पैशात जर्मनीतल्या तिघी-चौघी वर्षभर राहू-जेवू शकतील, असा माझा साधा हिशोब आहे. शासनानं निदान फी नसलेल्या सरकारी विद्यापीठांसाठी ही अट वेगळी ठेवावी. एखाद्या महिला आमदारानं हा प्रश्न विधानसभेत विचारला, तर मी त्यांना पेढे देईन.

फी नसण्याचंही कायमचं गृहीत धरू नका. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यानं २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो लावले. म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सहामाही चार ते सहा हजार युरो फी सुरू केली. त्यामुळे ‘जर्मनीत फुकट’ हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकून विश्वास ठेवायचा नाही. ज्या विद्यापीठात जायचं, त्याचंच पान उघडून त्या वर्षीचा नियम वाचायचा. आणि एजंट जर सारखा एखाद्या खासगी विद्यापीठाचंच नाव घेत असेल तर सावध. सरकारी विद्यापीठाकडून त्याला काही मिळत नाही, खासगीकडून कमिशन मिळतं. आमच्याकडूनही एकानं ‘फाइल तयार करतो’ म्हणून चाळीस हजार घेतले आणि शेवटी सगळे अर्ज भाचीनंच रात्री जागून भरले.

तिथलं शिकणं कसं असतं, हे मी फोनवरूनच ऐकते. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. तिच्या संध्याकाळी इथं जेवणं आटोपलेली असतात. दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं आणि ते रीतीनंच, उशीर म्हणून नाही. लेक्चर संपलं की टाळ्या नाहीत, बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक. रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी घरात पीठ नव्हतं म्हणून ही बाई केळ्यांवर राहिली. गुणांची पद्धत आपल्या उलटी, १ म्हणजे उत्तम आणि ५ म्हणजे नापास. बहिणीनं शेजारी सांगितलं, “पोरीला एक पॉइंट तीन पडले,” तेव्हा शेजारणीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बऱ्याच विद्यापीठांत एका विषयाच्या परीक्षेला तीनच संधी असतात. तिन्ही गेल्या तर तो अभ्यासक्रमच सुटतो, आणि तोच अभ्यासक्रम देशात दुसरीकडेही सहसा घेता येत नाही. आपल्याकडे एटीकेटी घेत घेत पोरं पार होतात, तिथं तसं नाही. भाची २०२५ च्या फेब्रुवारीत एका विषयात नापास झाली आणि दीड महिना तिनं घरी सांगितलं नाही. फोनवर सगळं ‘मस्त चाललंय’. मला सांगितलं ते असं, “मावशी, तुझं घर जाईल का गं?” पंचविशीच्या आतल्या मुलीनं नापास झाल्यावर पहिला विचार मावशीच्या घराचा करावा, हे मला अजून पचलेलं नाही. दुसऱ्या संधीला ती पास झाली. पण त्या दीड महिन्यात ती काय खात होती, झोपत होती की नाही, हे कुणाला ठाऊक? परदेशी गेलेल्या मुलांच्या आयांना माझं एवढंच विचारणं आहे, की हप्त्याची चर्चा पोरीच्या फोनवर करता का? आम्ही करत होतो. आता करत नाही.

काम करायची मुभा आहे. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. किमान वेतन २०२६ मध्ये ताशी १३.९० युरो झालं. भाची आता विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम करते, त्याआधी आठ महिने एका गोदामात पार्सलं लावत होती. तिला ते सांगायची लाज नव्हती, बहिणीला ऐकायची होती. “इंजिनिअर पोरगी अन् हमाली?” जर्मन भाषा चांगली आली तर काम चांगलं मिळतं, हे तिला तिथं जाऊन कळलं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी भाकरी जर्मनमध्ये मिळते. परभणीहून निघायच्या आधी वर्षभर भाषा शिकली असती तर गोदाम चुकलं असतं. पुण्याच्या क्लासला जाऊन राहणं परवडणारं नव्हतं, पण आता ऑनलाइन वर्गही मिळतात.

नोकरीचं काय? शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला दीड वर्ष राहता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारनं भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्यांना माणसं हवीत, कारण देश म्हातारा होतोय. ड्रेस्डेनला चिप बनवणारे मोठे कारखाने आहेत, ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी एका मोठ्या कारखान्याची पायाभरणी झाली. ही झाली एक बाजू. दुसरी अशी, की २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आक्रसली. आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा एएफडी हा पक्ष २० टक्क्यांवर मतं घेऊन दुसरा आला. ड्रेस्डेन ज्या सॅक्सनी राज्यात आहे, तिथं तर तो सगळ्यात पुढे होता. सरकार बोलावतंय आणि शेजारी नको म्हणतोय, अशा घरात आपली मुलगी राहते. ती म्हणते रोजच्या व्यवहारात लोक चांगले आहेत, शेजारच्या आजी नाताळात केक देतात. ट्राममध्ये एकदा कुणीतरी काहीबाही बोललं, तेही तिनं सांगितलं. दोन्ही खरं असणार.

या सगळ्यात मला इरावती कर्वे सारख्या आठवतात. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. सासरे कोण? साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे, बायकांचं विद्यापीठ काढणारे. पण सुनेनं एवढ्या लांब जाऊन पीएच.डी. करावी, याला त्यांचा विरोध होता. नवरा दिनकररावांचा मात्र पाठिंबा होता. पैशांची सोय डॉ. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून झाली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही प्रश्न तेच होते, घरातला होकार आणि कर्ज देणारं कुणीतरी. बर्लिनला त्यांच्या मार्गदर्शकाला कवट्यांच्या मोजमापातून गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व निघावं असं वाटत होतं. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसं काही निघत नाही, हे लिहून मोकळ्या झाल्या. परक्या देशात, कर्जावर शिकत असताना, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध लिहायला केवढं धैर्य लागलं असेल!

आता एक आकडा देते, जो या सगळ्याहून जड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्या किती निघाल्या? ४८ टक्के. राज्याची सरासरी २२ च्या आसपास. राज्यात आपला क्रमांक पहिला. वर्तमानपत्रात ‘परभणीची कन्या जर्मनीत’ असा हारतुऱ्यांचा फोटो छापून येतो, तेव्हा मला शेजारी हा आकडाही छापावासा वाटतो. भाचीच्या दहावीच्या वर्गात गावातल्या अकरा मुली होत्या. बारावीला पाच उरल्या. बाकीच्यांपैकी दोघी पालमकडच्या घरांत दिल्या, तिथून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि उचल कोयत्यावर मिळते, म्हणून पोराचं लग्न लवकर लागतं आणि पोरीचं त्याहून लवकर. यातली एक भाचीपेक्षा गणितात पुढे होती, हे भाचीच सांगते.

सरकारनं २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ केली. चांगलंच झालं. एसटीचा पासही बारावीपर्यंत मोफत आहे. पण ज्या गावात सकाळची एसटीच येत नाही, तिथं मोफत पास घेऊन मुलीनं उभं कुठं राहायचं? इंजिनिअरिंगची माफ झालेली फी तिच्या उपयोगाची तेव्हा, जेव्हा ती अकरावी-बारावी सायन्स पार करेल. जर्मनीच्या वाटेवरचा सगळ्यात अवघड टप्पा व्हिसाचा नाही. तो आपल्याच तालुक्यात, गाव आणि ज्युनिअर कॉलेज यांच्यामधल्या दहा-बारा किलोमीटरचा आहे.

भाचीचा आता प्रबंध चालू आहे, एक परीक्षा उरलीय. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं जो कहर केला, त्यात बहिणीचं सोयाबीन शेतातच सडलं आणि त्या तिमाहीचं व्याज भाचीनं प्रयोगशाळेच्या पगारातून भरलं. धाकटी यंदा सेलूला अकरावी सायन्सला जाते. तिला जर्मनी नको म्हणते, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायचंय तिला. आणि बहिणीनं गेल्या महिन्यात ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय, घराच्या नमुना आठवर नवऱ्याच्या बरोबरीनं आपलंही नाव लावा म्हणून. ग्रामसेवक म्हणाले, “ठेवू की सभेत, बाई.” सभा अजून व्हायचीय. बहीण दर सोमवारी विचारायला जाते.